कुंकू न पुसलेला पाना

अक्षर वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर हातात टाक आला तो धोब्याचे कपडे लिहायला, नाहीतर माहेरी खुशाली कळवायला. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, हे मी अजून अंदाजानंच लिहिते. कुणी वाचावं म्हणून हे लिहीत नाही. पण कागद कुणाच्या हाती लागलाच, तर चुका पोटात घालाव्या आणि घरात बोलू नये.

काल जिनाचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा झाला. दसरा जवळ आला हे मला भोंग्यानंच कळतं. मग चार दिवसांत हवेत कापसाचं तूस उडायला लागतं. दोरीवरच्या धोतरावर, तुळशीच्या मंजिऱ्यांवर, तापवून ठेवलेल्या दुधाच्या सायीवर, कुठंही ते हलकेच येऊन बसतं. सरकीचा तेलकट वास घरात शिरतो आणि होळीपर्यंत जात नाही. कापसाच्या बैलगाड्यांची रांग आमच्या गल्लीच्या तोंडाशी येते. शेजारच्या बायका खूश असतात, हंगाम म्हणजे हाताला काम. मला मात्र पहिलं तूस दिसलं की एक लोखंडी पाना आठवतो. हातभर लांब, जड, आणि त्याच्यावर वाळलेलं हळदीकुंकू.

नवे पैसे निघायच्या आधीची गोष्ट. आमची एक मोटार होती. आमची म्हणजे अर्धी. उरलेली अर्धी नानांची. नाना म्हणजे यांचे थोरले मावसभाऊ, धुळ्याला कापसाची दलाली करत. गाडी हे चालवत. व्यापाऱ्यांना जळगावहून एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला न्यायचं, परत आणायचं. हंगामात कमवायचं आणि त्याच्यावर वर्ष काढायचं. नाना थोरले, म्हणून मी त्यांच्याशी बोलत नसे. पदर नाकापर्यंत. त्यांना मला काही सांगायचं झालं तर, मी दोन हातांवर उभी असले तरी, सासूबाईंना सांगत.

"मावशी, सूनबाईले सांग, चहामां साखर कमी शे."

मग मी साखर सासूबाईंच्या हाती द्यायची, सासूबाईंनी नानांच्या. तोवर चहा निवायचा, आणि त्याचीही तक्रार त्याच वाटेनं माझ्याकडे यायची.

नानांना सगळ्यांचाच संशय. कापूस ओला केलाय का, गठडीत दगड घातलाय का, काट्यात मारलंय का, हेच बघून बघून त्यांची नजर तशी झाली होती. गाडीच्या टाकीत काठी घालून पेट्रोल मोजत. ओसरीवर बसून सगळ्यांदेखत म्हणत, "गाडीले काही झालं तर मी तिले धुये ली जासू. ड्रायव्हर मना ठेवसू." हे मान खाली घालून ऐकत. गाडी धुळ्याला गेली असती तर यांना दुसरं काही येत नव्हतं.

आणि गुलाबमिस्तरी. हा दोंडाईच्याकडचा माणूस, जळगावात येऊन फार दिवस झाले नव्हते. रेल्वे फाटकाजवळ कडुनिंबाखाली पत्र्याची एक टपरी, तेच त्याचं दुकान. बोलणं कमी. कामाला येताना सायकलीच्या दांडीला हत्यारांची पिशवी अडकवलेली. नवा माणूस, त्यामुळे गाव त्याच्याकडे जरा तिरकंच बघे. मीही बघत होते. खोटं का लिहू.

त्या वर्षी अष्टमीच्या संध्याकाळी त्यानं आमच्या गाडीची पुढची पुली काढली होती. तिच्या मागून तेल गळत होतं. तिथं चरबी लावलेली नवी दोरी बसवली, पुली पुन्हा चढवली, नट हातानं फिरवून आपल्या लहान पान्यानं घट्ट केला. मग हात पुसत यांना म्हणाला, "भाऊ, दोरी अजून बसायचीय. ती बसली की नट पुन्हा ढिला होतो. तुमचा गाडीबरोबरचा मोठा पाना आहे, त्यानंच आवळावा लागेल, आणि मग नटाखालचा पत्रा मुडपायचा, म्हणजे तो फिरत नाही. उद्या तर माझी हत्यारं पूजेत. परवा दसऱ्याला दुपारी तुमची पूजा हलली की मी येतो. तोवर गाडी काढू नका."

"नाही काढत," हे म्हणाले. मी दारामागं होते, मी ऐकलं.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर सगळी हत्यारं मांडतात. पाने, हातोडी, जॅक, गाडी सुरू करायचं हँडल, शेवटी तो मोठा पाना. मी ओली हळद लावली, वर कुंकू, अक्षता, एकेक झेंडू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी ज्याचं हत्यार त्यानंच आपल्या हातानं पूजा हलवायची, बायकांनी नाही, असा आमच्या घरचा रिवाज.

दसऱ्याला दिवस उजाडतोय न उजाडतोय तोच नाना दोन व्यापाऱ्यांना घेऊन दारात. धुळ्याला कापसाच्या खरेदीचा मुहूर्त, तो गाठायचा होता. हे काहीतरी बोलायला गेले. नाना म्हणाले, "गाडीले काय झायं?" एवढंच. हे गप्प झाले. मला वाटतं, त्या एका गप्प बसण्यातच पुढचं सगळं होतं.

हे देवाशी आले आणि पाटावरून हँडल उचललं. सासूबाई ओरडल्या, "पूजा हालनी नही नि हात कसाले लावस?"

"फक्त हँडल लेस माय. बाकी जसं शे तसं राहू दे."

त्यात यांची श्रद्धाच होती, ते मी आजही मानते. देवाचं जेवढं कमी हलवता येईल तेवढं हलवलं. गाडी हँडलाशिवाय सुरूच होत नव्हती, म्हणून हँडल घेतलं. पाना देवाजवळ राहू दिला. गाडी नेहमीसारखी घुरघुरत गेली. मागं धूळ आणि पेट्रोलचा वास राहिला. पाटावर हँडलाची जागा रिकामी दिसत होती, दात पडल्यासारखी.

गाडी दुसऱ्या दिवशी परत आली ती बैल जुंपून. पारोळ्याच्या पुढं इंजिन आधी टकटक करायला लागलं, मग धुराड्यातून फटाके, मग बंद. व्यापारी दुसऱ्या मोटारीनं गेले, त्यांचा मुहूर्त हुकला. बैलांच्या मागं निमूट चालत आलेली ती गाडी बघून मला रडू आलं. नानांचं तोंड काळं पडलं होतं. मिस्तरीला बोलावणं गेलं.

मिस्तरीनं बॉनेट उघडलं, पुली हातात धरून हलवली. ती डगडगत होती. त्याचा चेहरा उतरला.

"भाऊ, मोठ्या पान्यानं आवळलं होतं ना?"

नाना शेजारीच उभे होते. यांनी नानांकडे बघितलं आणि म्हणाले, "आवळलं होतं. पहाटेच."

"पूजेतून पाना काढला?"

"काढला, आवळला, परत ठेवला."

मिस्तरीनं पुली पुन्हा एकदा हलवून बघितली. मग म्हणाला, "मग माझंच चुकलं असेल."

नानांनी त्याला सोडलं नाही. दुरुस्ती फुकट, सामान त्याच्या पैशानं, वर व्यापाऱ्यांचं परत द्यावं लागलेलं भाडं आणि बैलांची मजुरीही त्याच्याच अंगावर. "कबूल नसेल तर फाटकापासून स्टेशनापर्यंत सगळ्यांना सांगतो, तू कसलं काम करतोस ते." मिस्तरीनं कबूल केलं. चौथ्या दिवशी तो पिशवी खांद्यावर टाकून चालत आला. सायकल विकली होती.

त्याच्या आधी, गाडी आली त्या संध्याकाळी, मी दिवा लावायला देवाशी गेले. पूजा तशीच होती. यांना ती हलवायची आठवणच राहिली नव्हती. मी मोठ्या पान्याकडे बघितलं. हळद वाळून पापुद्र्यासारखी झाली होती. तिच्यात अक्षता रुतल्या होत्या. झेंडूची एक पाकळी तिच्यातच चिकटून वाळली होती. वाळलेली हळद कशी असते ते बायकांना सांगायला नको, बोट लागलं तरी तिची भुकटी होते. तो पाना घेऊन कुणी जोर लावून नट आवळला असता, तर मुठीखाली यातलं काही राहिलं असतं का?

मी दिवा लावला आणि मागं वळले. हे दारात उभे होते. केव्हापासून, माहीत नाही.

"पूजा हलवायची राहिली," मी म्हटलं.

"हलवतो," हे म्हणाले. सगळी हत्यारं उचलून पेटीत ठेवली. पान्याकडे हात नेला आणि आखडला. माझी नजर तिथंच होती. पाना पाटावरच राहिला. सकाळी पाट धुवायचा म्हणून मी तो उचलून कोनाड्यात ठेवला, दोन्ही टोकांना धरून, हळद न मोडता.

त्यानंतर आमच्या घरात दोन संशय राहायला लागले. एक माझा, यांच्यावर. एक यांचा, की मला कळलंय. जेवताना यांची नजर कोनाड्याकडे जायची, मग माझ्याकडे. मी भाकरी थापत असायची. "तो पाना अजून तिथंच?" एकदा म्हणाले. "तुम्ही हलवला नाही ना," मी म्हटलं. संशयाला आवाज नसतो, पण त्यानं घर भरतं. पाण्याचा तांब्या ठेवला तरी तो मुद्दाम ठेवल्यासारखा वाटतो. आजही या दिवसांत साध्या बोलण्यामागं मी काही शोधत बसते. हंगामाबरोबर ती सवय परत येते.

गाडी आमच्याच अंगणात उभी होती. मिस्तरी तिथंच काम करायचा. नाना सासूबाईंना म्हणाले, "मावशी, सूनबाईले सांग, ध्यान ठेव म्हणा. ह्या लोक चांगला माल काढी लेतस नि भंगार बसाडी देतस." म्हणून मी सूप घेऊन उंबऱ्याशी बसायची. ज्याच्यावर नजर ठेवायला बसवलं होतं त्याच्याबद्दल मला खात्री होती, आणि ज्याच्याबद्दल नव्हती तो माझ्या घरात जेवत होता.

त्यानं पुढची पाण्याची टाकी उतरवली, पुली काढली. आत इंजिनाचा दांडा दिसला, मनगटाएवढा. या दांड्याला एक खाच असते आणि पुलीलाही. दोन्ही खाचा समोरासमोर आणून त्यांत पोलादाचा एक छोटा तुकडा बसवतात. त्याला ते चावी म्हणतात. ती चावी घट्ट असली की दांडा आणि पुली एकजीव फिरतात. आमच्या दांड्याची खाच उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. कडा फाकलेल्या. त्यातून त्यानं चावी काढली, फडक्यात गुंडाळली आणि खिशात टाकली.

मी सासूबाईंना खुणावलं. सासूबाई कडाडल्या, "काय घाला रे खिसामां? दखाड!"

तो उठला आणि फडकं उलगडून उंबऱ्यावर ठेवलं. "बघा आजी, सोनं नाही. जुनी चावी." मग माझ्याकडे न बघता, सुपातल्या तांदळाशी बोलावं तसं बोलला, "नट घट्ट असता तर ही एका बाजूनं खाल्ली असती. ही दोन्हीकडून खाल्लीय. म्हणजे पुली मागंपुढं झुलत होती. म्हणजे नट ढिला. मोठ्या पान्यानं आवळल्यावर असं होत नाही. पण भाऊ म्हणतात आवळला. मग माझ्याच हाताला काय झालं, ते काही मला कळत नाही." आणि त्यानं आपले तळहात बघितले. तेलानं काळे, रेषा पांढऱ्या.

मला ते बघवलं नाही. आम्ही नवराबायको एकमेकांचा संशय घेत होतो, ते एक असो. पण हा माणूस स्वतःच्या हातांचा संशय घ्यायला लागला होता. नंतर मी बघत होते, कुठलाही नट लावला की तो थोडं पुढं जायचा, परत यायचा, पुन्हा चाचपायचा. असं करणारा मिस्तरी किती दिवस मिस्तरी राहील?

तो सर्व्हिसच्या प्रवासी मोटारीनं धुळ्याला गेला आणि लेथवाल्याकडून पोलादाचा तुकडा घेऊन आला. मग आमच्या अंगणात कानशीचा आवाज सुरू झाला. दांडा बाहेर काढायचा तर सगळं इंजिन उलगडावं लागलं असतं, म्हणून तो पाटावर आडवा होऊन जागच्या जागीच खाच घासायचा. फाकलेल्या कडा काढून खाच सरळ केली, त्यात ती रुंद झाली. पुलीची खाच मात्र जुन्याच मापाची. म्हणून नवी चावी खाली जाड आणि वर बारीक करायची होती, पायरी असल्यासारखी. लोखंडाचा कीस सुपातल्या कोंड्यासारखा पडे. त्याच्यावर जिनाचं तूस येऊन बसे.

एका दुपारी तो उंबऱ्याशी आला. "वहिनी, घरात काजळ असेल का?"

मी इतकी दचकले की सूप सांडलं. सासूबाई म्हणाल्या, "काजय कसाले रे? डोयाले लावाले?"

"लोखंडाला, आजी."

"लोखंडले बी नजर लागस का?"

"लागली ना. म्हणून तर मी आडवा पडलोय."

सासूबाई खुदकन हसल्या. मी माझी काजळाची डबी दिली. त्यानं खोबरेल तेलाच्या थेंबात काजळ कालवलं, खाचेला आतून बोटानं लावलं, चावी बसवली आणि काढली. चावीवर जिथं काळं लागलं तेवढंच कानशीनं पुसटसं घासलं. पुन्हा काजळ, पुन्हा चावी. असं दोन दिवस. घाई नाही. शेवटी चावीला सगळीकडून सारखं काळं लागलं, तेव्हा तो मान हलवून म्हणाला, "आता बसेल." ती त्यानं लाकडाच्या तुकड्यावरून ठोकत बसवली. मग पुली चढली, नट चढला.

"आजी, मोठा पाना द्यायला सांगा."

हे बॉनेटवर हात ठेवून उभे होते. नाना खाटेवर. संध्याकाळच्या रेल्वेनं ते धुळ्याला जाणार होते. सासूबाईंनी मला हाक मारली. मी कोनाड्यासमोर गेले. पाना तिथं, हळद तशीच, पाकळी तशीच. मी रिकाम्या हातानं परत आले आणि सासूबाईंच्या कानात म्हटलं, सापडत नाही.

"सापडस नही म्हणे," सासूबाईंनी सांगितलं.

यांनी माझ्याकडे बघितलं. पाना कुठं आहे ते यांना माहीत होतं, आणि ते मला माहीत आहे हेही माहीत होतं. नाना खेकसले, "बाईमाणूसना हातमां हत्यार दिधं का असंच व्हस." मग पिशवी उचलून ते निघाले. नानांसमोर पाना आणला असता तर गाडी गेली असती. न आणता राहिले असते तर मिस्तरीचे हात गेले असते. एवढी अक्कल माझ्या चौथीत कुठून आली, मला ठाऊक नाही.

नानांचा टांगा गल्लीच्या तोंडाशी वळला तशी मी आत गेले. पाना ताटात ठेवला. पदर डोक्यावर सारखा केला आणि अंगणात आले. परपुरुषासमोर मी कधी अशी आले नव्हते. सुटलेल्या दोनचार अक्षता ताटात घरंगळत होत्या. मी ताट मिस्तरीसमोर धरलं.

त्यानं हात पुढं केला आणि थांबवला. हळद बघितली. रुतलेले तांदूळ बघितले. पाकळी बघितली. मग कितीतरी वेळ त्यानं यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते.

"पूजा हलली नव्हती वाटतं," मिस्तरी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मला तर तो सुटल्यासारखा वाटला.

"नव्हती," हे म्हणाले.

मिस्तरीनं पाना दोन्ही हातांनी यांच्यापुढं धरला. "तुमचं हत्यार आहे भाऊ. तुम्ही हलवा."

यांनी पाना घेतला. मुठीखाली हळदीचा भुगा झाला आणि यांच्या धोतरावर पडला. यांनीच नट आवळला, कपाळाच्या शिरा फुगेपर्यंत. मिस्तरीनं पत्रा मुडपला, एकदा बघितलं आणि हत्यारं पिशवीत भरली. पुन्हा चाचपायला तो वळला नाही.

माझं काम झालं असं मला वाटलं होतं. पण संशय इतक्या लवकर घर सोडत नाही. गाडी धावायला लागली, हंगाम जोरात होता, आणि तरी हे घरी पूर्वीपेक्षा कमी पैसे आणायला लागले. विचारलं तर म्हणायचे, पेट्रोल महागलं. जळगावात तेव्हा कापसाच्या भावावर आकडे लावायचा नाद घरोघर शिरला होता. शेजारणीच्या नवऱ्यानं भांडीसुद्धा ठेवली नव्हती. मी यांचे खिसे चाचपायची, सदऱ्याचा वास घ्यायची. एकदा पाणी भरायच्या निमित्तानं फाटकापर्यंत गेले. आमची गाडी कडुनिंबाखाली उभी होती. हे टपरीत वाकून काही बोलत होते. मी घडा घेऊन तशीच परत आले. तेव्हाही वाटलं, हे दोघं मिळून माझ्यापासून काही लपवताहेत.

होळी झाली. जिन बंद पडले, हवा स्वच्छ झाली, बैलगाड्या गेल्या आणि रस्त्यावर नुसत्या चाकोऱ्या राहिल्या. एका सकाळी अंगणातून यांनी हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये."

मिस्तरी आला होता. चालतच. हातात माझी काजळाची डबी, घासून लख्ख केलेली. मी उंबऱ्यातच थबकले.

"पुढं ये," हे म्हणाले. "तू पाहिजेस." मग खिशातून नोटा नि चिल्लर काढून मिस्तरीच्या हातावर ठेवली. "सामान, भाडं, बैल, आणि तुमच्या कामाचे. हे शेवटचे. हिच्यासमोर मोजून घ्या."

"मोजायचं काय त्यात, भाऊ."

"मोजा."

मिस्तरी उंबऱ्यावर बसला आणि आणेसुद्धा बाजूला करून सावकाश मोजले. हे त्याच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मीही नजर खाली घातली नाही. मोजून झाल्यावर त्यानं पैसे टोपीत ठेवले, टोपी डोक्यावर दाबली आणि मला म्हणाला, "वहिनी, पुरे आहेत. आता काही बाकी नाही."